प्रमाण कुठं आहे? मराठी व्हिडिओ-निबंधांविषयी

'व्हिडिओ-निबंध' हा शब्द नवा वाटेल, पण वस्तू तुमच्या ओळखीची आहे. एखादा सिनेमा, एखादं गाणं, मालिका, लावणीचा कार्यक्रम यांविषयी कोणीतरी आपलं म्हणणं मांडतो. त्यासाठी तो त्याच सिनेमाचे तुकडे पडद्यावर ठेवतो आणि त्यावर स्वतःच्या आवाजात बोलतो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, इंग्रजीत तर चार-चार तास. 'सैराटचा शेवट तुम्हाला कळलाच नाही' किंवा 'विठाबाईंची ही गोष्ट ऐकून काटा येईल' अशा धर्तीची नावं, आणि सोबत आ वासलेला एक चेहरा, हे यूट्यूब उघडणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. या भाषणाच्या निमित्ताने आम्ही महिनाभर असे मराठी व्हिडिओ बघत बसलो होतो. बरेच ऐकण्यासारखे होते. बघण्यासारखे फार थोडे होते. आजचं आमचं सगळं बोलणं या फरकाबद्दल आहे.

आधी हे महत्त्वाचं का, ते सांगतो. सिनेमाची समीक्षा मराठीत पूर्वी कुठे व्हायची? वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत आणि फिल्म सोसायट्यांत. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून. तिथे मोठं काम झालं. पण इथून पुणं नव्वद-शंभर किलोमीटर. संध्याकाळचा खेळ बघायचा, चर्चेला थांबायचं आणि मग आळेफाट्याला उतरायचं म्हणजे मध्यरात्र. त्यामुळे सिनेमा आपण बघायचा, जत्रेतल्या तंबूत बघायचा, आणि त्याचा अर्थ पुण्या-मुंबईने सांगायचा, अशी वाटणी होऊन बसली होती. मोबाइलने ती मोडली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची गाडी खाली करणारा पोरगासुद्धा आता 'फँड्री'बद्दल त्याला काय वाटलं ते हजार लोकांना सांगू शकतो. आणि रेड्याची समाधी ज्या गावात आहे, त्या गावाला अधिकाराचा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. वेद कोणी म्हणायचे यावर पैठणात वाद झाला आणि उत्तर कोणाच्या मुखातून आलं, हे इथल्या पोरांना शाळेत जाण्याआधी माहीत असतं. म्हणून हे व्हिडिओ हलकेसलके म्हणून सोडून द्यायला आम्ही तयार नाही. अधिकार हातात आलाय. त्याचं आपण काय करतोय ते बघायला पाहिजे.

हा प्रकार चांगला जमला की काय होतं, याचं एक उदाहरण बाहेरचं घेतो. टोनी झू आणि टेलर रामोस या जोडीने २०१४ ते २०१६ मध्ये 'एव्हरी फ्रेम अ पेंटिंग' या नावाने काही व्हिडिओ केले. त्यातला एक जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या सिनेमातल्या हालचालीवर आहे. माणूस गप्प उभा असला तरी त्याच्यामागे पाऊस पडत असतो, वाऱ्याने झेंडा फडफडत असतो, धूर चढत असतो. झू हे म्हणतो आणि लगेच दाखवतो. एक दाखवतो, दुसरं दाखवतो, मग तुमच्याच लक्षात यायला लागतं. आठ-नऊ मिनिटांचा मामला आहे, पण नंतर कुठलाही सिनेमा बघा, मागचा पाऊस दिसू लागतो. छापील लेखाला हे जड जातं. लेखात 'पाऊस' हा शब्द असतो, पाऊस नसतो.

आता आपल्याकडे या. मराठीत यूट्यूबवर स्वतःचं असं काही करता येतं, हा विश्वास २०१६ च्या सुमारास भारतीय डिजिटल पार्टीने दिला. त्यांच्या 'कास्टिंग काऊच'मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी सिनेमाच्या धंद्याचीच फिरकी घेत होते, आणि ती आमच्या मते समीक्षाच होती. पुढे 'बोल भिडू'सारख्या वाहिन्यांनी कोणताही विषय कट्ट्यावर बसून सांगितल्यासारखा सांगायची भाषा रुळवली. त्या भाषेचे उपकार आहेत. 'सदर चित्रपटात दिग्दर्शक महोदयांनी' या मराठीतून आपली सुटका झाली. पण कट्ट्यावर पडदा नसतो. कट्ट्याची रीत जशीच्या तशी व्हिडिओत आली, तेव्हा गप्पा आल्या आणि चित्र बाहेरच राहिलं.

विठाबाईंचंच घ्या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, १९३५ ते २००२. इथून हाकेच्या अंतरावरच्या नारायणगावच्या. त्यांच्यावरचे मराठी व्हिडिओ आम्ही ओळीने बघितले, आणि जवळजवळ सगळे एकाच प्रसंगावर उभे आहेत: नऊ महिन्यांची गरोदर बाई बोर्डावर नाचते, कळा येतात, मागे जाते, बाळंत होते, दगडाने नाळ तोडते आणि पुन्हा नाचायला उभी राहते. प्रसंग खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. आम्हाला खटकतं ते दुसरंच. बारा मिनिटांच्या व्हिडिओत विठाबाईंचे चार फोटो फिरत राहतात आणि त्यांचा आवाज एकदाही येत नाही. मागे बासरी वाजते, तीही कुठून तरी फुकट उचललेली. राष्ट्रपतींच्या हातून जिचा सन्मान झाला, जिच्या नावाने राज्य सरकार आज तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देतं, ती बाई गात कशी होती? लावणीच्या कुठल्या शब्दावर थांबायची? वगात कुठली भूमिका करताना प्रेक्षक खुर्चीवरून उठायचे? यातलं काही नाही. सोसणं तेवढं आहे. विठाबाई कलावंत होत्या हे तो व्हिडिओ दहा वेळा म्हणतो आणि त्यांची कला एक क्षणही समोर ठेवत नाही. बघणारा रडतो, कमेंटमध्ये हात जोडतो, आणि विठाबाई त्याच्यासाठी एक दुःखी बाई होऊन राहतात.

हे आम्हाला एवढं लागतं, कारण तमाशाबद्दल बोलताना सुशिक्षित मराठी माणूस कायम हेच करत आला आहे. त्याला तमाशातल्या बाईची करुण कहाणी चालते, 'पिंजरा'तली चालते, 'नटरंग'मधल्या गुणाची चालते. कहाणी संपली की गण, गवळण, बतावणी, वग यांच्याकडे वळून कोण बघतो? बतावणीत सोंगाड्या गावच्या सरपंचापासून नव्या सिनेमापर्यंत सगळ्यांची सालं काढतो. लोकप्रिय संस्कृतीवर भाष्य करायचं आपलं जुनं दुकान तेच. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तेव्हा कॅमेरा घेऊन जा, एका सोंगाड्याची पाच मिनिटांची बतावणी घ्या आणि तिचा एकेक टप्पा उलगडून दाखवा. हशा नेमका कधी पिकतो? ढोलकी कुठे पडते? मावशीची भूमिका करणारा बाप्या हात कुठे ठेवतो? कवठ्याच्या बशीर मोमीन यांनी आयुष्यभर फडांसाठी वग आणि लावण्या लिहिल्या. त्यांच्या लेखणीबद्दल किती व्हिडिओ सापडतात ते घरी जाऊन शोधा.

दुसरा प्रकार गदारोळाचा. त्यावर फार वेळ घालवत नाही. गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून २०२२-२३ मध्ये जे रान पेटलं, तेव्हा 'संस्कृती बुडाली' म्हणणारे व्हिडिओ धडाधड आले. व्हिडिओत निषेध आणि थंबनेलवर त्यांचाच फोटो. लावणी आणि डीजेवरचा नाच यांत फरक काय, पाय कसा पडतो, ताल कोण धरतो, प्रेक्षक कुठे उभा असतो, हे शांतपणे शेजारी-शेजारी दाखवता आलं असतं. तेवढ्यासाठीच तर हे माध्यम आहे. पण त्याला कष्ट पडतात, आणि तोवर रान विझून जातं.

'सैराट'च्या शेवटाबद्दल मात्र थोडं बोलायलाच हवं. २०१६ चा सिनेमा, सगळ्यांना तोंडपाठ. अजय-अतुल यांनी त्यातल्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. अडीच तास संगीत कानांत भरतं. आणि शेवटी नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. लहान पोर रडतंय ते दिसतं, ऐकू येत नाही. रक्तात भरलेली त्याची पावलं उमटत जातात आणि थिएटरात सगळ्यांना स्वतःचा श्वास ऐकू येतो. आता या शेवटावरचे व्हिडिओ ऐका. निवेदक सांगतो, 'इथे दिग्दर्शकाने शांतता वापरली आहे,' आणि हे सांगत असताना मागे धडधड, धडधड असं संगीत चालूच. थांबत नाही. शांततेबद्दल बोलायला मिळालेली वीस सेकंदंसुद्धा शांत ठेवायचा धीर होत नाही, कारण शांतता पसरली की बोट सरकतं आणि बघणारा पुढच्या व्हिडिओवर जातो, ही भीती.

कीर्तनाची आठवण इथे काढतो, कारण ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. महाराज एक अभंग घेतात आणि दोन तास त्यावर चिंतन करतात. मध्ये एखादा मुद्दा आला की प्रमाण देतात, ज्ञानेश्वरीतलं, गाथ्यातलं. आणि प्रमाण देताना काय होतं? महाराजांनी चरणाला हात घातला की टाळकरी तो उचलतात, पूर्ण म्हणतात, मृदंग लागतो, आणि तेवढा वेळ महाराज गप्प उभे असतात. मूळ शब्द सगळ्यांच्या कानांवर पडल्यावरच पुढचं बोलणं. चरण चुकला तर मागे बसलेला म्हातारा मान हलवतो, ते महाराजांना दिसतं. व्हिडिओ-निबंधाची रीत याहून वेगळी नाही. सिनेमातला शॉट हे प्रमाण. तो लावायचा, पूर्ण लावायचा, तेवढा वेळ आपण तोंड बंद ठेवायचं, मग निरूपण. आपल्या व्हिडिओंत निरूपण भरपूर आहे, प्रमाण गळालं आहे. खुद्द कीर्तनाच्या रील्समध्येही तेच झालंय म्हणा. विनोद राहतो, अभंग कापला जातो.

आता करणाऱ्यांची बाजू. व्हिडिओ करणारी पोरं आम्हाला सांगतात, 'सर, शॉट लावला की क्लेम येतो.' खरं आहे ते. यूट्यूबकडे २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. कंपनीने आपला सिनेमा किंवा गाणं तिथे नोंदवलं की तुमच्या व्हिडिओतला तसाच तुकडा यंत्र आपोआप ओळखतं. मग जाहिरातीचे पैसे मूळ मालकाला जातात, किंवा व्हिडिओ अडवला जातो. मालकाने रीतसर तक्रार केली तर स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइकला वाहिनीच जाऊ शकते. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी मूळ कृतीच्या उचित वापराला मुभा देतो. पण यंत्र कलम वाचत नाही, त्याला फक्त जुळणी कळते. आणि भांडायला वकील लागतो. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने एएनआय वृत्तसंस्थेवर जाहीर आरोप केला की काही सेकंदांच्या दृश्यांसाठी तिच्याकडून लाखांच्या रकमा मागितल्या जातात. ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर ओतूर-बेल्ह्याच्या पोराने काय करायचं? तो आपला पोस्टर लावतो, दोन फोटो लावतो आणि बोलत राहतो.

पैशाचंही असंच. लांब व्हिडिओंच्या वाटेने जाहिरातीचा वाटा मिळवायचा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं बघणं जमावं लागतं. २०२० च्या जुलैपासून आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मध्ये जाहिराती टाकता येतात, त्याआधी दहा मिनिटांची अट होती. म्हणून तीन मिनिटांत संपणारं म्हणणं साडेआठ मिनिटांवर ताणलं जातं. 'तर मंडळी, त्याआधी आपण थोडं मागे जाऊया' हे वाक्य ऐकलं की समजायचं, पाणी घालणं सुरू झालं.

ही अडचण आम्ही मान्य करतो, पण पूर्ण सुटका देत नाही. 'एव्हरी फ्रेम'वाल्यांनी काम थांबवताना लिहिलं होतं की त्यांच्या मांडणीतल्या बहुतेक गोष्टी याच यंत्रापासून वाचण्याच्या खटपटीतून घडल्या. तुकडे लहान ठेवणं, मूळ आवाज बदलणं, वगैरे. म्हणजे कुंपण त्यांनाही होतंच. आणि अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' बघा. १९८५ चं पुस्तक, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं. छापलेल्या पानावर सिनेमा हलत नाही. तरीही 'प्यासा', 'कागज़ के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' यांतला उजेड, अंधार, चेहऱ्याजवळ सरकणारा कॅमेरा ते शब्दांनी डोळ्यांपुढे आणतात. चित्र लावता येत नसेल तर निदान त्याचं वर्णन करा की! कॅमेरा कुठे होता, शॉट किती वेळ टिकला, कोण चौकटीबाहेर राहिलं. त्याला कोणी क्लेम लावत नाही.

बघणाऱ्याला एवढं बारीक नको असतं, हेही आम्हाला ऐकवलं जातं. कोणी सांगितलं? आपल्याच तालुक्यात या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि घाटांवर पुन्हा गर्दी झाली. दहा-पंधरा सेकंदांत संपणारी बारी. तिचा व्हिडिओ आला की पोरं काय करतात? मंद गतीने लावतात, उलटा फिरवतात, निशाण पडलं तेव्हा पुढच्या बैलाचा पाय कुठे होता ते थांबवून बघतात, घड्याळ लावतात, घोडी कडेला कधी गेली यावर कमेंटमध्ये तीस-तीस जण भांडतात. कोणी नुसतं 'आमचा गाडा घाटाचा राजा' म्हणालं तर पहिला सवाल हाच की व्हिडिओ दाखव. एवढी कडक नजर असलेला प्रेक्षक सिनेमाच्या बाबतीत दहा मिनिटं पोस्टर बघून समाधान मानतो, यात प्रेक्षकाचा दोष आम्हाला कमीच दिसतो. त्याला बारीक बघायला येतं. त्याच्यासमोर कोणी काही ठेवत नाही.

आणि आता नवी भर पडली आहे ती यंत्राच्या आवाजाची. मजकूर यंत्राकडून लिहून घ्यायचा, वाचून घ्यायचा, चित्रं यंत्राकडून काढून घ्यायची. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च त्याला सारखेच. ळ तर त्याच्या जिभेला झेपतच नाही. आपल्या गावाचं नाव ते 'आले' असं वाचतं. आलं, सुंठ, काय म्हणाल ते. रेड्याच्या मुखातून वेद आले तेव्हा त्यामागे एक वाद होता, एक अपमान होता, त्याला दिलेलं उत्तर होतं. या आवाजामागे कोणाचं काहीच नसतं. शिवाय मजकूर कुठून येतो हेही बघायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये हॅरी ब्रूइस या इंग्रज यूट्यूबरने जवळपास चार तासांचा व्हिडिओ करून दाखवलं की काही नावाजलेले व्हिडिओ-निबंध दुसऱ्यांच्या लेखांतून आणि पुस्तकांतून शब्दशः उचललेले होते. त्याने मूळ मजकूर आणि व्हिडिओ शेजारी-शेजारी लावले. पाहा, इथेही प्रमाणच कामाला आलं. मराठीत जुन्या पुरवण्यांतले परिच्छेद नाव न घेता वाचले जाताना आम्ही ऐकले आहेत. लिहिणाऱ्याला एक पैसा नाही, उल्लेखही नाही.

बोलणं बरंच झालं. पडदा लावलेलाच आहे. 'फँड्री'मधला एक तुकडा आणला आहे, २०१४ साली प्रदर्शित झालेला सिनेमा. पकडलेलं डुक्कर काठीला टांगून जब्याच्या घरची माणसं शाळेच्या भिंतीवरून चालली आहेत. भिंतीवर महापुरुषांची चित्रं रंगवलेली आहेत. या तुकड्यावरच्या व्हिडिओंत चित्र गोठवतात, बाबासाहेबांच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढतात आणि अर्थ सांगून मोकळे होतात. आपण तो दोनदा लावू, मध्ये आम्ही बोलणार नाही. पहिल्यांदा भिंतीकडे बघा आणि माणसं चालत असताना एकेक चेहरा कधी झाकला जातो, कधी उघडा पडतो ते मोजा. दुसऱ्यांदा भिंत सोडा, फक्त काठी कोणाच्या खांद्यावर आहे आणि पावलं कशी पडतात ते बघा. मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल तर पुढे सरका, सतरंजीवर जागा आहे. मग तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही सांगायचं. दिवे घालवा कोणीतरी.